गुपित राखून खरी आकडेवारी

हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हे आहेत. असे असता पाहणीसाठी घरी आलेल्या प्रगणकाने वही उघडून "आपल्या घरच्या लग्नात हुंडा घेतला काय?" असे विचारल्यास "होय" कोण म्हणणार? दारूचे व्यसन, चुकविलेला कर, गर्भपात यांविषयीच्या प्रश्नांचीही हीच गत होते. लोक मौन पाळतात किंवा सोयीचे उत्तर देतात. अशा आकड्यांवर आखलेली योजना खऱ्या गरजेच्या ठिकाणी पोहोचत नाही.

या अडचणीवर अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ स्टॅनले वॉर्नर यांनी १९६५ मध्ये एक उपाय सुचविला. त्यास यादृच्छिक प्रतिसाद पद्धती म्हणतात. व्यक्तीचे गुपित झाकलेले ठेवावयाचे आणि समूहातील प्रमाण मात्र संभाव्यतेच्या गणिताने काढावयाचे, हे तिचे सूत्र होय.

एका पिशवीत सारख्या आकाराचे ७ लाल व ३ पांढरे मणी आहेत असे समजू. उत्तर देणाराने प्रगणकास न दाखविता एक मणी काढून पाहावयाचा. तो लाल असल्यास "आमच्या घरच्या मागील लग्नात हुंड्याची देवघेव झाली" या विधानाविषयी, आणि पांढरा असल्यास "अशी देवघेव झाली नाही" या विधानाविषयी, केवळ "खरे" किंवा "खोटे" एवढेच सांगून मणी परत टाकावयाचा. अक्षरओळख नसलेल्यासही हे सहज जमते. प्रगणकास उत्तर ऐकू येते. ते कोणत्या विधानाचे, हे त्यास कळत नाही. त्यामुळे कोणतेही उत्तर कबुलीजबाब ठरत नाही.

आता हिशेब पाहू. पाहणीत १,००० कुटुंबे आहेत. एकाही घरी हुंड्याची देवघेव झाली नसेल, तर पांढऱ्या मण्यांमुळे सुमारे ३०० उत्तरे "खरे" अशी येतील. सर्वच घरी झाली असेल, तर लाल मण्यांमुळे सुमारे ७०० येतील. शून्य ते शंभर टक्के हे सारे अंतर या ४०० उत्तरांत सामावले आहे. प्रत्यक्षात "खरे" अशी ४०० उत्तरे आली, तर त्यांतून ३०० वजा जाता १०० उरतात. ४०० पैकी १००, म्हणजे हुंड्याचे प्रमाण सुमारे २५ टक्के. दोन्ही रंगांचे मणी समसमान ठेवले, तर मात्र काहीच उमगणार नाही. कारण प्रमाण कितीही असले तरी "खरे" अशी उत्तरे सुमारे ५०० च येतील.

या गुप्ततेचे मोल द्यावे लागते. सरळ प्रश्नास सर्वांनी खरे उत्तर दिले असते तर जी अचूकता लाभली असती, ती या उदाहरणात मिळविण्यास ८ पट कुटुंबे लागतात. म्हणून ही पद्धती लहान वस्तीपेक्षा तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या पाहणीस अधिक योग्य होय.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शहरी स्त्रियांमधील गर्भपाताचे प्रमाण याच तत्त्वावर अजमावून १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय संख्याशास्त्रज्ञ अरिजित चौधुरी व राहुल मुखर्जी यांनी १९८८ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

तथापि सर्व भिस्त विश्वासावर आहे. प्रगणकाने प्रथम ही रीत समजावून द्यावी, पिशवी लोकांना तपासू द्यावी आणि मणी काढतेवेळी पाठ फिरवावी. त्याने एकदा जरी रंग डोकावून पाहिल्याचे गावात पसरले, तरी पुढील घरांतून पुन्हा सोयीचीच उत्तरे येतील.