‘काम चालू आहे’: वेगाबद्दलचे पाच गैरसमज

मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांनी ‘काम चालू आहे’चे फलक आणि डायव्हर्जन इतकी वर्षे पाहिली की आता भीड चेपली आहे. घात होतो तो इथेच.

गैरसमज १ : कामगार दिसत नाहीत, मग गाडी हळू कशाला?
वस्तुस्थिती : कामगार घरी गेले तरी रस्ता अर्धवटच असतो. अरुंद मार्गिका, जुन्या-नव्या थरांतला उंचसखलपणा, सुटी खडी, दुभाजकाविना समोरून येणारी वाहने हे सगळे रात्रीही तिथेच असते. अंधारात ते दिसते मात्र उशिरा.

गैरसमज २ : धोका फक्त मजुरांना.
वस्तुस्थिती : मजूर उघड्यावर असतात, त्यांना धोका आहेच. पण अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या, तर रस्त्याच्या कामाच्या ठिकाणी मरण पावणाऱ्या दर पाच जणांपैकी साधारण चौघे चालक किंवा प्रवासी असतात.

गैरसमज ३ : ब्रेक उत्तम आहेत, ताशी ८० चालते.
वस्तुस्थिती : या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर तिथेच गेले. कोरड्या, चांगल्या डांबरावर थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. ताशी ४० ला हे सारे अंतर मिळून सुमारे २५ मीटर भरते. दोन किलोमीटरच्या टप्प्यात ८० ने गेल्यावर वाचते ते अवघे दीड मिनिट.

गैरसमज ४ : कॅमेरे दंडवसुलीसाठी लपवून लावतात.
वस्तुस्थिती : २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक लावणे बंधनकारक आहे. अतिवेगासाठी हलक्या वाहनाला कायद्याने १,००० ते २,००० रुपये दंड आहे. फलक पाहून वेग उतरवला, तर तो भरावाच लागत नाही.

गैरसमज ५ : कंत्राटदाराला विचारणारे कोणी नाही.
वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८-अ आले. रस्त्याच्या बांधणीचे आणि देखभालीचे निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर कंत्राटदार, सल्लागार किंवा संबंधित प्राधिकरणाला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

राष्ट्रीय महामार्गावर फलक, दिवे किंवा कठडे नसतील, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून १०३३ वर कळवा. रस्ता सुरक्षित ठेवणे हे बांधणाऱ्याचे काम आहे, ते त्याच्याकडून करून घ्यायलाच हवे. वेग मात्र आपल्याच पायाखाली असतो. तो वेळीच उतरवा.