पन्नास अंशांतला रोजा

कुवेतच्या वाळवंटातील मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ईद होऊन तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते. म्हणजे त्या वर्षीचा अख्खा रमजान जून-जुलैच्या उन्हात गेला. सहरी पहाटे तीनच्या सुमारास संपायची, इफ्तार संध्याकाळी पावणेसातनंतर. मधले साडेपंधरा तास पाण्याचा थेंबही नाही.

वातानुकूलित कार्यालयात हे निभावते. पण रिफायनरीत, तेलविहिरीवर किंवा पाइपलाइनवर काम करणाऱ्या वेल्डर, फिटर, रिगरचे काय? रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून १९७०च्या दशकातील तेलाच्या भरभराटीपासून माणसे या कामांवर जात आली आहेत. अंगात जाड कव्हरऑल, हातात चामडी मोजे, डोक्यावर हेल्मेट आणि हात लावला तर चटका बसेल असे लोखंड.

कोरड्या वाळवंटात घाम दिसायच्या आधीच सुकतो. शरीरातले पाणी किती गेले, हे माणसाला कळतच नाही. उलट समुद्रकाठच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. डोके दुखणे, चक्कर, मग बोलण्यात गोंधळ. हा गोंधळ म्हणजे उष्माघाताची घंटा. म्हणूनच अनेक साइटवर स्वच्छतागृहात लघवीच्या रंगांचा तक्ता लावलेला असतो: रंग गडद म्हणजे पाणी कमी.

कायद्यानेही सावली धरली आहे. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करण्यास बंदी असते. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन. रमजानात सौदी अरेबियात मुस्लिम कामगारांचा दिवस सहा तासांचा होतो, तर अमिरातीत सर्वांचेच दोन तास कमी होतात. बरीच कामे रात्रपाळीत ढकलली जातात.

धर्माने तर याहून आधी सवलत दिली आहे. तिला शब्द आहे 'रुखसत'. गझलांमुळे मराठी कानांना त्याचा अर्थ 'निरोप' एवढाच ठाऊक असतो, पण धार्मिक परिभाषेत रुखसत म्हणजे मुभा. आजारी माणसाने आणि प्रवाशाने रोजा न धरता पुढे तेवढे दिवस भरून काढावेत, असे कुरआनच्या सूरह बकरामध्येच सांगितले आहे. या भरपाईला 'कजा' म्हणतात. २०१० च्या ऑगस्टमध्ये अमिरातीतील अधिकृत फतवा केंद्राने उन्हात राबणाऱ्या कामगारांनाही, त्रास असह्य झाल्यास रोजा सोडण्याची मुभा सांगितली. नियत करून रोजा धरावा आणि जिवावर बेतले तर पाणी प्यावे.

मुभा आहे, पण ती घेणे सोपे नाही. कुवेतमध्ये रमजानात दिवसा चारचौघांत खाणे-पिणे हा सर्वांसाठीच गुन्हा आहे. त्यामुळे पाण्याची सोय आडोशाला असते. रोजा नसलेला हिंदू वा ख्रिस्ती सहकारी तिथे निःसंकोच जातो. रोजेदार मात्र चक्कर येत असतानाही पाय मागे घेतो. मुकादम काय म्हणेल, खोलीतले सोबती काय म्हणतील आणि रात्री घरून फोन आला तर काय सांगायचे?

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नसतो. क्रेनला इशारा देणाऱ्या रिगरला भोवळ आली, तर भार खालच्या माणसावर येतो. त्या वेळी पाण्याचा घोट घेणे ही श्रद्धेतली कमतरता नव्हे, सोबत्याच्या जिवाची अमानत सांभाळणे आहे. हलाल रोजीसाठी गाळलेला घामही इबादतीचाच भाग मानला जातो.

चांद्र वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. त्यामुळे रमजान आता आखातातल्या सौम्य दिवसांकडे गेला आहे. पण सुमारे ३३ वर्षांच्या फेऱ्यात तो पुन्हा जूनच्या उन्हात येईलच आणि तेव्हा आजची शाळकरी मुले त्या पाइपलाइनवर असतील. घरच्यांनी आतापासून एक सवय लावून घ्यावी. फोनवर 'किती रोजे झाले?' हे विचारण्याआधी 'तब्येत कशी आहे, रात्री पाणी पुरेसे पितोस ना?' असे विचारावे. राहिलेला रोजा हिवाळ्यातल्या एखाद्या छोट्या दिवशी भरून काढता येतो. गेलेल्या माणसाची कजा नसते.