झाकणावरचा फिकट चौकोन

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात, एखाद्या तांड्यावर लसीकरणाचा दिवस असतो. अंगणवाडीत सिस्टर लसींचा डबा उघडतात, गोवर-रुबेलाची बोटभर बाटली काढतात आणि सगळ्यात आधी तिचं झाकण निरखतात. काय असतं तिथे?

जांभळ्या वर्तुळात एक फिकट चौकोन. बाटलीला जितकी ऊब लागेल तितका तो गडद होत जातो आणि नंतर बाटली बर्फात ठेवली तरी पुन्हा उजळत नाही! लस राहायला हवी २ ते ८ अंशांत, आणि हिंगोलीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. वाटेत कुठे वीज गेली, कुठे पेटी उन्हात राहिली, सगळ्या उन्हाचा हिशोब त्या ठिपक्यात साठतो. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही वाचता येईल अशी ही पाटी!

आता बाटलीच्या आत बघा. तळाशी चिमूटभर कोरडी पूड दिसते. ती निर्जीव वाटते, पण तिच्यात जिवंत विषाणू झोपलेत. १९५४ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ आली. डेव्हिड एडमॉन्स्टन नावाच्या विद्यार्थ्याच्या शरीरातून शास्त्रज्ञांनी विषाणू मिळवला आणि तो पेशींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेला. वाढता वाढता त्याची आजार देण्याची ताकदच ओसरली. पुढे झाग्रेब शहरात त्याला आणखी माणसाळवलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीत त्याच घराण्यातला विषाणू असतो. बोस्टनच्या शाळेतून कळमनुरीच्या तांड्यापर्यंत केवढी ही वंशावळ!

पण या लसीचा पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावरच का? मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच आहे. बाळ पोटात असतानाच आई आपली प्रतिपिंडं नाळेतून त्याला देते, प्रवासाला निघालेल्याला शिदोरी बांधून द्यावी तशी. शिदोरी भरपूर असताना लस टोचली, तर आईचे हे पहारेकरी लसीतल्या विषाणूलाच संपवतात आणि बाळाच्या शरीराला शिकायला काही उरत नाही. फार थांबलो तर शिदोरी संपते आणि बाळ उघडं पडतं. या दोन टोकांमधली वेळ साधायची असते. तरीही शंभरातल्या पंधराएक मुलांच्या शरीराला पहिला धडा कळत नाही. म्हणून १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस.

आणि बाळ उघडं पडलंच तर? लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. शिवाय हा विषाणू शरीराची स्मरणवहीच फाडतो. आधी जिंकलेल्या आजारांच्या आठवणी पुसल्या जातात आणि अंगावरचं पुरळ गेल्यावरही मूल कितीतरी दिवस इतर दुखण्यांना बळी पडत राहतं. गोवर ‘येऊन जाऊ द्यावा’ असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावंच.

पुडीत पाणी मिसळलं की लस चार तासांत वापरावी लागते. म्हणून आशाताईंनी सांगितलेली वेळ चुकवू नका. सेनगाव-कळमनुरीकडून ऊसतोडीला निघणारं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांना एवढं नक्की सांगा: भांडीकुंडी बांधताना बाळाचं लसीकरणाचं कार्डही बांधा. ज्या फडावर उतराल, तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात ते दाखवा. पुढचा डोस तिथेही मिळतो, आणि तोही मोफत.