मक्याची यांत्रिक खुडणी आणि सांडणारे दाणे

मक्याचीं कणसें हातानें खुडण्याची रीत आपणां सर्वांस परिचित आहे. अमेरिकेंतील आयोवा, इलिनॉय आदि संस्थानांत हें काम १९३० नंतरच्या दोन दशकांत झपाट्यानें यंत्राकडे गेलें. पुढें शेतांतच दाणे काढून घेणारीं यंत्रें आलीं. तथापि गुरांच्या खाद्यासाठीं सबंध कणसें सांठविणारे कांहीं शेतकरी अद्यापहि खुडणीयंत्र वापरतात. त्याच्या मागें मातींत राहणारे दाणे कमी कसे करावे, हा आजचा विषय.

ह्या यंत्राच्या दोन चोंची ओळीच्या दोहों बाजूंनीं शिरतात व साखळ्या ताटें आंत घेतात. मग उलटसुलट फिरणारे दोन रूळ ताट खालीं खेंचतात. कणीस जाड असल्यामुळें त्या फटींतून जात नाहीं. तें देठापाशीं तुटतें आणि सोलणीच्या रुळांवर जातें. दाणे झडतात ते मुख्यतः ह्या दोन ठिकाणीं.

नासाडी अंदाजानें ठरवूं नये, ती मोजावी. यंत्रामागें दर चौरस फुटांत सरासरी दोन दाणे आढळले, तर एकरीं सुमारें एक बुशेल, म्हणजे ५६ पौंड धान्य गेलें असें समजावें. यंत्र थांबवून थोडें मागें घ्यावें. जेथून केवळ खुडणीचे रूळ गेले, तेथील दाणे त्या रुळांनीं झडविलेले. त्याहून अधिक जे पाठीमागें सांपडतील, ते सोलणीचे. यंत्र शिरण्यापूर्वींच पडलेलीं कणसें निराळीं मोजावीं. तो दोष यंत्राचा नव्हे. वाऱ्याचा, किडीचा किंवा विलंबाचा होय.

दोषाचें स्थान कळलें कीं उपाय सोपा. रुळांतील फट फार असेल, तर कणसाचा बुडखा तींत चिमटतो व दाणे निखळतात. म्हणून ताटें तुंबणार नाहींत इतपत ती अरुंद ठेवावी. ट्रॅक्टरची गति ताशीं अडीच ते तीन मैलांच्या आसपास असावी, आणि साखळ्यांचा वेग तिच्याशीं जुळता असावा. पीक लोळलें असल्यास चोंची जमिनीलगत न्याव्या व गति आणखी कमी करावी. पीक अतिशय वाळूं देणें हेंहि हानिकारक. दाण्यांतील ओल शेंकडा वीसच्या सुमारास असतांना खुडणी करावी. त्याहून फार ओलें कणीस कणगींत बुरसतें, फार कोरडें रुळांवर झडतें. कोरड्या दुपारपेक्षां सकाळची किंचित् दमट हवा बरी.

शेवटीं एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची. रूळ तुंबले कीं घाईचा मनुष्य यंत्र चालूं ठेवून ताट हातानें ओढूं जातो. रूळ तें ताट इतक्या वेगानें गिळतात कीं मूठ सोडण्यास अवधिच मिळत नाहीं. मका-पट्ट्यांत अशा रीतीनें अनेकांनीं बोटें व हात गमावले आहेत. यास्तव आधीं इंजिन बंद करावें, सर्व भाग स्थिर झाल्याची खात्री करावी, मगच हात लावावा. रूळ नीट जुळवून गति आवरली, तर ते तुंबण्याचे प्रसंगहि कमी येतात. सांडलेला दाणा पुढील हंगामीं पुन्हा पिकेल. गेलेला हात परत येत नाहीं.