कर्करोगावरील लस : प्रतिबंध आणि उपचार

‘लस’ म्हणताच निरोगी बालकाच्या दंडावर टोचलेली सुई डोळ्यांपुढे येते. कर्करोगासंबंधी मात्र हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. तो भेद न कळल्यास रुग्णाचा मोलाचा काळ वाया जातो. म्हणून येथे त्याचा विचार करू.

पहिली प्रतिबंधक लस. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस त्या विषाणूस अटकाव करते. ९ ते १४ या वयात ती घेणे सर्वांत हितकर. जडलेला कर्करोग मात्र ती बरा करीत नाही.

दुसरी उपचारक लस; ती रोग जडल्यानंतर द्यावयाची. कर्करोगाच्या पेशी बाहेरून येत नाहीत. आपल्याच पेशी बिघडून त्या बनतात. त्यामुळे शरीरातील रक्षक पेशी पुष्कळदा त्यांना परके मानीत नाहीत. ती ओळख पटवून देणे, हे उपचारक लसीचे कार्य. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील अशा एका लसीस अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली. तीत रुग्णाच्याच रक्तातील पेशी काढून, त्यांना रोगाची खूण शिकवून परत शरीरात सोडतात. चाचणीत रुग्णांचे आयुष्य त्यामुळे सुमारे चार महिन्यांनी वाढलेले आढळले. क्षयरोगासाठी बालकांना टोचतात ती बीसीजीदेखील मूत्राशयाच्या प्राथमिक कर्करोगात थेट मूत्राशयात सोडून तेथील प्रतिकारशक्ती चेतवली जाते.

याच विचाराची दुसरी वाट मुंबईत फुलली. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचारास २०२३ मध्ये परवानगी मिळाली. ती लस नव्हे. रुग्णाच्या रक्षक पेशींत जनुकीय बदल करून रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांवर ती वापरतात.

आता आपल्या धारणीकडे वळू. तंबाखू आणि खर्रा यांमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगावर रूढ उपचार म्हणून देता येईल अशी लस अद्याप नाही. शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे हेच आधार आहेत, आणि ते लवकर मिळाले तरच फळतात. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, तीन आठवड्यांत न भरणारी जखम झाली किंवा तोंड पुरेसे उघडेनासे झाले, तर लसीच्या वार्तेची वाट न पाहता उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. आमच्या विद्यार्थ्यांनी सुटीत घरी जाताना एवढी माहिती आपल्या आईवडिलांपर्यंत अवश्य न्यावी.