आधी संग्रहालय, मग मुक्काम

रानात राहण्याची कौशल्ये शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी संग्रहालयभेट व मुक्काम एकाच सहलीत योजावेत, असे आम्हांस वाटते. आधी पाहावे, मग करावे. याकरिता पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय उत्तम होय. या संस्थेने शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची मातीची घरे, चुली, कणग्या व दगडी पाती तेथे सापडली. ते सातू पिकवीत.

भेटीपूर्वी संग्रहालयास पत्राने दिवस व विद्यार्थिसंख्या कळवावी. चार गट करून प्रत्येकास पाणी, अग्नी, धान्य, निवारा यांपैकी एकच विषय द्यावा. घोडकाठच्या मुक्कामात तोच विषय त्या गटाची जबाबदारी ठरावा. पहिल्या गटाने पाणी गाळून उकळावे. दुसऱ्याने वाळक्या काटक्यांवर चूल पेटवावी आणि निजण्यापूर्वी राख पूर्ण थंड होईपर्यंत पाणी ओतावे. तिसऱ्याने सातू भरडून शिजवावा. चौथ्याने राहुट्या उंचवट्यावर उभाराव्यात, नदीपात्रात कदापि नव्हे. धरणातून सोडलेले पाणी पाऊस नसतानाही चढते.

जागेचा मालक व ग्रामपंचायत यांची अनुमती आधीच घ्यावी. उत्खननस्थळी तळ ठोकू नये, खापराचा तुकडाही उचलू नये. जागेवरून हललेले खापर अभ्यासकास फारसे काही सांगू शकत नाही.

स्वहस्ते अन्न, पाणी व निवारा सिद्ध करणाऱ्यास पूर्वजांच्या श्रमांचे मोल उमगते. हेच या सहलीचे फलित आम्ही मानतो.