शिक्षकांनाच पुन्हा वाचन शिकवलं तेव्हा

पुस्तकात घोड्याचं चित्र. खाली शब्द छापलाय ‘पोनी’. पहिलीतलं मूल चित्राकडे बघतं आणि ‘हॉर्स’ म्हणून मोकळं होतं. अमेरिकेतल्या कित्येक शाळांत हे उत्तर चालून जाई. अर्थ लागला ना, मग झालं! चित्रावरून, संदर्भावरून शब्द ताडायला तिथे रीतसर शिकवलं जाई. पण वरच्या इयत्तांच्या पुस्तकांत चित्रं कमी होतात आणि अंदाजावर वाचणारी मुलं अडखळू लागतात.

२००० साली नॅशनल रीडिंग पॅनेलने उपलब्ध संशोधन तपासून वाचनाचे पाच आधार सांगितले होते : ध्वनींची जाण, अक्षर-ध्वनी संबंध, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन. शिक्षक घडवणाऱ्या अनेक महाविद्यालयांपर्यंत मात्र ते नीट पोहोचलंच नाही.

मिसिसिपी या गरीब राज्याने २०१३ मध्ये वाचनाचा कायदा केला आणि पाठोपाठ ‘लेटर्स’ या वाचन-अध्यापनाच्या प्रशिक्षणासाठी शिक्षकांनाच बाकावर बसवलं. तिथे शब्दांतले ध्वनी ओळखायला शिकायचं. ‘बॉक्स’ या इंग्रजी शब्दात अक्षरं तीन, पण ध्वनी चार : ब्, ऑ, क्, स्. ‘शिप’मध्ये उलट, अक्षरं चार, ध्वनी तीन. सराईत वाचकाचं लक्ष ध्वनींकडे जात नाही, म्हणून शिक्षकांचीही इथे गफलत होते. ज्याला हे ध्वनी सुटे ऐकू येतात, तोच ‘पोनी’च्या पहिल्या अक्षरावर मुलाचं बोट ठेवून ‘हा आवाज कुठला?’ असं विचारतो.

निकाल कमी असलेल्या शाळांत राज्याने वाचन-मार्गदर्शकही नेमले. चौथीच्या राष्ट्रीय चाचणीत मिसिसिपीची वाचनाची सरासरी २०१३ मध्ये २०९ होती. २०१९ मध्ये ती २१९ झाली आणि राज्य देशाच्या सरासरीला जाऊन भिडलं.

याचं सगळं श्रेय प्रशिक्षणाला देता येत नाही. त्याच कायद्याने वाचनात कच्च्या मुलांना तिसरीतच थांबवलं जातं, शिवाय अशी मुलं लवकर हेरून त्यांना जादा मदतही मिळते. त्याआधी, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी केंद्र सरकारच्या एका अभ्यासात तर दुसरीच्या शिक्षकांचं ज्ञान प्रशिक्षणाने वाढलं, पण मार्गदर्शक देऊनही मुलांच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही. चार दिवसांचं शिबिर आणि हाती प्रमाणपत्र, एवढ्याने वर्ग बदलत नाही. शिक्षक जे शिकतो तेच पाठ्यपुस्तकात, चाचणीत आणि भावी शिक्षकांच्या अभ्यासक्रमातही यावं लागतं. मिसिसिपीने २०१६ मध्ये नव्या प्राथमिक शिक्षकांना वाचन-अध्यापनाची परीक्षा सक्तीची केली, ती त्यासाठीच.